आज्ञावलीत ‘काय’ उरते, ‘का’ हरवते
सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी व कारखानदारांनी समजून घेण्याची एक गोष्ट

जॅकार्डच्या मागावर चढणारी भोकांची कार्डे आपल्या विणकर बंधूंच्या पाहण्यातली आहेत. आता अनेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले असले तरी तत्त्व तेच आहे. जेथे भोक आहे तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, जेथे नाही तेथे तो खाली राहतो, आणि एवढ्या हिशेबावर वेलबुट्टी कापडावर उतरते. ती कार्डे दुसऱ्या गावच्या कारागिराला दिली तर तोही तीच वेल विणू शकेल. पण वेलीच्या कडेची जागा थोडी मोकळी का ठेवली, हे कार्डात कोठेच नसते. धुतल्यावर कापड आटते म्हणून असेल, त्या वर्षीचे सूत बारीक होते म्हणून असेल, किंवा गिऱ्हाइकाने तसे सांगितले होते म्हणून असेल. ज्याने नक्शा काढला त्या उस्तादालाच ते ठाऊक. सूत बदलले, उस्ताद राहिला नाही, तरी पुढचा कारागीर ती मोकळी जागा तशीच विणत राहतो. किंवा निरर्थक समजून भरून टाकतो आणि मग पहिल्या धुण्यात पस्तावतो.

संगणकाच्या आज्ञावलीची, म्हणजे ज्याला आपण सरसकट सॉफ्टवेअर म्हणतो त्याची, गत हीच आहे. संगणकाने काय करायचे ते आज्ञावलीत ओळीओळीने लिहिलेले असते. ते तसेच का करायचे, दुसऱ्या कोणत्या रीतीने करता आले असते आणि ती रीत का सोडली, हे बनवणाऱ्याच्या डोक्यात राहते. तो नोकरी सोडून गेला, परदेशी गेला किंवा नुसता विसरला तरी ते ज्ञान संपले. नेदरलँड्समधील अँटन यान्सन आणि यान बॉश या संशोधकांनी २००५ साली या प्रकाराला ज्ञानाची वाफ होणे असे म्हटले. शब्द नेमका आहे. भांडे जागेवर असते, पाणी मात्र उडून गेलेले असते.

हे संगणकवाल्यांचे दुखणे आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध पैशाचा आहे. बिलाचे, गोदामाचे, कारागिरांच्या मजुरीचे सॉफ्टवेअर आज लहान कारखान्यातही असते आणि बरेचदा ते ओळखीच्या एखाद्या मुलाकडून बनवून घेतलेले असते. दोन वर्षांनी तो मुलगा दुसरीकडे जातो. नवा प्रोग्रामर येतो, आज्ञावली उघडून पाहतो आणि म्हणतो, “हे सगळे नव्याने करावे लागेल.” पुष्कळदा तो लबाडी करत नसतो. समोर आहे ते तसे का आहे हे त्याला कळत नाही, आणि न कळलेल्या गोष्टीला हात लावण्यापेक्षा ती पाडून नवी बांधणे त्याला सुरक्षित वाटते. मालक एकाच घराचे पैसे दोनदा देतो.

आराखडा म्हणजे काय

सॉफ्टवेअरच्या आराखड्याचे चित्र म्हणजे चार चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण, अशी पुष्कळांची समजूत असते. ड्युएन पेरी आणि अलेक्झांडर वुल्फ या दोघांनी १९९२ साली या विषयाचा पाया घालणारा एक लेख लिहिला. त्यात त्यांनी आराखड्याचे तीन भाग सांगितले : घटक, त्यांची रचना आणि त्यामागची कारणे. तिसरी गोष्ट त्यांनी मुद्दाम पहिल्या दोन्हींच्या बरोबरीला बसवली. पुढे याच धाग्यावर यान्सन आणि बॉश यांनी आराखडा हा मुळात निर्णयांचा संच आहे असे मांडले. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर जे निर्णय पुढे बदलायला महाग पडतात तेच आराखड्यातले निर्णय. दुकानाची पाटी कधीही बदलता येते. गाळा कोणत्या बाजूला तोंड करून घ्यायचा, हे एकदाच ठरते.

आपल्या बिलाच्या सॉफ्टवेअरचेच उदाहरण घेऊ. प्रत्येक मालाच्या नोंदीत त्याचा जीएसटीचा दर लिहिलेला असतो. चांगल्या प्रोग्रामरने बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तोच दर प्रत्येक बिलाच्या प्रत्येक ओळीतही पुन्हा साठवलेला असतो. नवा माणूस हे पाहतो आणि त्याला वाटते, एकच आकडा दोन ठिकाणी कशाला? त्याच्या शिक्षणातही त्याला हेच शिकवलेले असते की एक माहिती एकाच जागी ठेवावी. तो बिलातला दर काढून टाकतो आणि मालाच्या नोंदीतून वाचायची सोय करतो. काही दिवस सर्व सुरळीत चालते. मग सरकार दर बदलते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मालावरचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले आणि तो माल मुख्यतः ५ किंवा १८ टक्क्यांत आला. मालाच्या नोंदीत नवा दर भरताच जुनी सगळी बिलेही नव्या दराने दिसू लागतात. ऑगस्टमधला माल गिऱ्हाइकाने परत आणला तर त्याची क्रेडिट नोट जुन्याच दराने निघायला हवी, पण जुना दर आता कोठेच उरलेला नाही. जो आकडा फालतू वाटला होता तो मुद्दाम ठेवलेला होता. एका ओळीची टीप असती तर हे घडले नसते.

अशीच आणखी दोन उदाहरणे. रद्द केलेले बिल काही सॉफ्टवेअरमध्ये पुसता येत नाही, त्यावर फक्त ‘रद्द’ असा शिक्का पडतो. मालकाला ही अडचण वाटते आणि तो पुसण्याचे बटण मागतो. कारण असे की कर बिलांना वर्षभराचा सलग अनुक्रमांक असावा लागतो, आणि मधलाच क्रमांक गायब झाला तर अधिकारी विचारणारच. दुसरे, काही ठिकाणी रक्कम रुपयांत न ठेवता पैशांच्या पूर्ण संख्येत ठेवलेली असते. नवख्याला हा वेडेपणा वाटतो. पण संगणक दशांश अपूर्णांक अनेकदा आतून किंचित कमी-जास्त धरतो आणि हजारो बिलांच्या बेरजेत तो फरक बाहेर पडतो. म्हणून पैशांचा पूर्णांक.

एका अग्निबाणाची हकिगत

कारणे हरवल्यामुळे केवढे नुकसान होऊ शकते याचा सर्वांत गाजलेला दाखला युरोपातला आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान ५ या नव्या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. सुमारे ३७ सेकंदांनी तो वाट सोडून वाकला, तुटू लागला आणि त्याने स्वतःला उडवून दिले. त्याबरोबर क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रहही गेले. झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले गेले आणि जुलै १९९६ मध्ये त्याचा अहवाल आला. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आणि बनवून घेणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा तो कागद आहे.

दोष अग्निबाणाची दिशा मोजणाऱ्या यंत्रातील आज्ञावलीत होता. ती एरियान ४ या जुन्या, भरवशाच्या अग्निबाणातून जवळजवळ जशीच्या तशी उचललेली होती. तिच्यात एका ठिकाणी मोठी संख्या लहान खणात भरली जात असे. त्या खणात ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो. आकडा मावला नाही तर काय करायचे, याचा बंदोबस्त अशा धोक्याच्या सात संख्यांपैकी चारांसाठी केलेला होता, तिघांसाठी नव्हता. हा निष्काळजीपणा होता का? नाही. संगणकावर ८० टक्क्यांहून जास्त भार पडू नये अशी अट होती. म्हणून जुन्या अभियंत्यांनी हिशेब केला की या तीन संख्या एकतर निसर्गतःच मर्यादेत राहतात किंवा मर्यादेपासून फार लांब असतात, तेव्हा त्यांच्यावर पहारा ठेवून भार वाढवू नये. एरियान ४ साठी हा हिशेब बरोबर होता.

एरियान ५ ची चाल मात्र वेगळी होती. सुरुवातीलाच त्याचा आडवा वेग एरियान ४ च्या पाचपट झपाट्याने वाढत असे. आकडा खणात मावला नाही, यंत्र बंद पडले. त्याच्या जोडीला ठेवलेले राखीव यंत्र क्षणभर आधीच बंद पडलेले होते, कारण त्यातही तीच आज्ञावली होती. चौकशी मंडळाने नमूद केले की पहारा न ठेवण्याच्या निर्णयाचे कारण मूळ आज्ञावलीत कोठेही सापडले नाही. गृहीत सर्वांना मान्य होते, पण कागदांच्या ढिगात ते झाकले गेले आणि बाहेरून तपासणाऱ्याच्या नजरेस पडणे अशक्य झाले. कोणी मुद्दाम लपवलेले नव्हते.

याहून चटका लावणारी बाब पुढे आहे. जो भाग बिघडला त्याची एरियान ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. जुन्या अग्निबाणात अगदी शेवटच्या सेकंदांत उलटी मोजणी थांबवावी लागली तर यंत्र पुन्हा जुळवायला ४५ मिनिटे किंवा जास्तच लागत. तो वेळ वाचावा म्हणून जुळवणीचा भाग उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू ठेवलेला होता. १९८९ साली एकदा त्याचा उपयोगही झाला होता. नव्या अग्निबाणाच्या तयारीची पद्धत वेगळी होती, म्हणून ही सोय बिनकामाची झाली. तरीही ती ठेवली गेली, कारण चालत्या गोष्टीला हात लावू नये हा शहाणपणा. वेलीच्या कडेची मोकळी जागा ती हीच.

‘काय’ पुढे गेले आणि ‘का’ मागे राहिले, की चांगल्यात चांगले कारागीरही फसतात. ज्यांनी ही आज्ञावली लिहिली ते अडाणी नव्हते, ज्यांनी ती उचलली तेही नव्हते.

तारखेत वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याचा प्रकार याचाच भाऊ. ८० रकान्यांच्या भोकांच्या कार्डावर आणि महागड्या स्मृतीत जागा वाचवणे भाग होते, म्हणून १९ वगळले गेले. कारण संपले तरी सवय उरली, आणि २००० साल उजाडण्यापूर्वी जगभर जुन्या आज्ञावल्या उकलून दुरुस्त कराव्या लागल्या. मुंबई-पुण्याच्या संगणक कंपन्यांना त्या कामाने मोठा हात दिला हेही खरे. एकाचा विसर, दुसऱ्याची रोजी. पण प्रत्येक वेळी ती आपल्याच वाट्याला येईल असे नाही.

लिहायचे कसे

उपाय साधा आहे. मायकेल नायगार्ड या अमेरिकन सॉफ्टवेअर तज्ज्ञाने २०११ साली एक छोटी रीत सुचवली आणि ती जगभर रुळली. प्रत्येक मोठ्या निर्णयाला एक-दोन पानांची एक चिठ्ठी. तिला अनुक्रमांक द्यायचा, आणि मथळा, परिस्थिती, निर्णय, सध्याची स्थिती व परिणाम एवढेच लिहायचे. चिठ्ठी आज्ञावलीच्या शेजारीच ठेवायची, म्हणजे एक सापडले की दुसरे सापडते. दोनशे पानांचे पुस्तक कोणी वाचत नाही आणि कोणी अद्ययावतही ठेवत नाही. एक पान दोन्ही होऊ शकते.

या रीतीतला मला सर्वांत आवडणारा नियम असा की जुनी चिठ्ठी कधीही फाडायची नाही. निर्णय बदलला तर नवी चिठ्ठी लिहायची आणि जुनीवर ‘क्रमांक अमुकने बदलली’ असे नोंदवायचे. आपल्या जुन्या मुनीमजींना हे नव्याने सांगायला नको. खातेवहीत चुकीची रक्कम खोडत नाहीत, उलट नोंद करतात. का केली ते शेऱ्यात लिहितात.

यात मी एक रकाना वाढवण्याची शिफारस करीन : नाकारलेले पर्याय. हे माझे डोके नव्हे. डेव्हिड पार्नास आणि पॉल क्लेमेंट्स यांनी १९८६ च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात सांगितले आहे की ज्यांचा विचार करून सोडून दिले ते सर्व पर्याय कारणांसह लिहावेत. नाहीतर पुढचा माणूस त्याच गल्लीत शिरतो, तेवढाच वेळ घालवतो आणि त्याच भिंतीला डोके आपटून परत येतो. किंवा परत येतच नाही. त्याच लेखात त्यांनी एक प्रांजळ गोष्ट कबूल केली आहे. प्रत्यक्षात कोणीही सरळ रेषेत विचार करून सॉफ्टवेअर बांधत नाही, चाचपडतच बांधतो. तरी लिहिताना ते सुसंगत करून लिहावे, कारण वाचणाऱ्याला आपले चाचपडणे नको असते, कारण हवे असते.

वरच्या बिलाच्या उदाहरणाची चिठ्ठी अशी होईल :

निर्णय क्रमांक ७. कराचा दर बिलाच्या प्रत्येक ओळीत साठवणे.
परिस्थिती : सरकार दर अधूनमधून बदलते. जुने बिल पुन्हा छापावे लागते आणि माल परत आल्यास मूळ दरानेच क्रेडिट नोट द्यावी लागते.
निर्णय : बिल बनताना मालाच्या नोंदीतील दर बिलाच्या ओळीत उतरवावा. नंतर तो बदलू नये.
नाकारलेले पर्याय : दर फक्त मालाच्या नोंदीत ठेवणे, त्याने जुनी बिले बदलतात. दरांचा तारीखवार वेगळा तक्ता ठेवणे, ते चालेल, पण एकच तारीख चुकीची भरली तर त्या काळातली सर्व बिले चुकतात.
परिणाम : आकडा दोन ठिकाणी राहील आणि जागा थोडी जास्त लागेल. ही पुनरुक्ती मुद्दाम आहे, काढू नये.
स्थिती : लागू.

हे लिहायला पंधरा मिनिटे लागतात. पण ज्या दिवशी ठरले त्याच दिवशी लिहिले तर. महिन्याने लिहायला बसले की निर्णय आठवतो, सोडलेले पर्याय आठवत नाहीत. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीची चिठ्ठी करू नये हेही खरे. बटणाचा रंग कोणता, याला चिठ्ठी नको. बदलायला महाग आहे का आणि नवख्याला विचित्र वाटेल का, हे दोन प्रश्न विचारावेत. एकाचेही उत्तर होय असेल तर लिहावे.

कागदाच्या पलीकडचे

एवढ्याने सर्व ज्ञान जपले जाईल असे समजणे भाबडेपणाचे आहे. डेन्मार्कचे पीटर नाउर यांना २००५ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांनी १९८५ साली या विषयावर लिहिताना एक खरी हकिगत दिली. एका गटाने एक मोठी आज्ञावली बनवली. दुसऱ्या गटाला तिच्यात भर घालायची होती. त्यांना संपूर्ण मजकूर, सर्व कागदपत्रे आणि पहिल्या गटाचा सल्लाही मिळाला. तरीही दुसऱ्या गटाने सुचवलेल्या दुरुस्त्या ठिगळासारख्या होत्या. मूळ रचनेतच त्या कामाची सोय होती आणि ती कागदांत वर्णनही केलेली होती, पण त्यांच्या ध्यानात आली नाही. पहिल्या गटाच्या ती लगेच ध्यानात आली. काही वर्षांनी, पहिला गट सल्ल्याला नसताना, ठिगळांवर ठिगळे चढून त्या रचनेचा जोर निघून गेला. नाउर यांचे म्हणणे असे की आज्ञावलीचा खरा प्राण बनवणाऱ्याच्या समजेत असतो, आणि ती समज त्याच्याजवळ बसून काम केल्यानेच दुसऱ्यात उतरते.

आपल्या कारागिरांना यात नवल वाटणार नाही. उस्तादाच्या शेजारी बसल्याशिवाय शागिर्दाचा हात तयार होत नाही. चिठ्ठ्या कितीही चांगल्या असल्या तरी त्या शेजारी बसण्याची जागा घेत नाहीत. मात्र उस्ताद अचानक गेला तर हातात काहीतरी राहते, आणि शेजारी बसलेल्या शागिर्दाला काय विचारावे ते कळते. दोन्ही हवे. नाउर यांचे नाव पुढे करून लिहिण्याचा आळस करणारे प्रोग्रामर पुष्कळ आहेत, त्यांच्यापासून सावध राहावे.

व्यवहाराच्या बाजूने व्यापारी बंधूंनी काही गोष्टी सुरुवातीलाच ठरवून घ्याव्यात. करारनाम्यात मूळ आज्ञावली आपल्याला मिळेल आणि तिच्यावर हक्क कोणाचा राहील हे स्पष्ट असावे. निर्णयाच्या चिठ्ठ्या हा कामाचाच भाग धरावा आणि त्याचे पैसे द्यावेत. फुकट मागितलेले लिखाण तसेच निघते. शेवटचा हप्ता चिठ्ठ्या हाती आल्यावर द्यावा. चिठ्ठ्या मराठीत, हिंदीत किंवा उर्दूतही चालतील. मालकाने स्वतः त्या वाचाव्यात, कारण ‘परिस्थिती’ या रकान्यातले चूक-बरोबर त्याच्याइतके कोणालाच कळत नाही. प्रोग्रामर सोडून जाणार असेल तर नव्याला निदान दोन-तीन आठवडे त्याच्यासोबत बसवावे, आणि त्या दिवसांत नव्याने जुन्याच्या देखरेखीखाली एखादा खरा बदल स्वतः करावा. नुसते समजावून सांगितलेले दुसऱ्या दिवशी जाते.

ज्यांचे सॉफ्टवेअर आधीच चालू आहे आणि एकही चिठ्ठी नाही त्यांनी मागचे सर्व खणून काढण्याच्या भरीस पडू नये. बनवणारा अजून फोनवर सापडत असेल तर त्याला एवढेच विचारावे : यातली कोणती गोष्ट पाहून नवा माणूस हसेल, आणि तरी ती काढू नये? चार-पाच उत्तरे मिळतील. ती त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहावीत. यापुढे दर बदलला, नवे गोदाम घेतले किंवा दुसरे दुकान जोडले की त्या वेळी होणाऱ्या बदलाची चिठ्ठी क्रमांक एक समजून सुरुवात करावी.